लांजेवार साहेबांचा कान

प्रभाकर लांजेवार हा माणूस मला कधीच आवडला नाही. आता ते वारले आहेत, तेव्हा दोन गोड शब्द लिहावेत अशी रीत आहे. ती ज्यांना जमते त्यांनी पाळावी. मला त्यांचा राग तीस वर्षं येत होता आणि गेल्या मार्चात ते गेल्यावरही तो जिथल्या तिथं आहे. गंमत अशी, की या तीस वर्षांतले बहुतेक रविवार मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच सतरंजीवर बसून काढले. कोणी धरून ठेवलं नव्हतं. मीच जात होतो.

ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. नोकरीत असतानाच मानकापूरला घर बांधलं आणि पुढच्या खोलीत दोन उंच स्पीकर, एक टर्नटेबल, तीन कॅसेट डेक आणि भिंतभर कॅसेट मांडून आमचं मंडळ चालवलं. मंडळाला नाव नव्हतं. दर रविवारी सकाळी नऊला दहा-बारा जण जमायचो आणि जाझ-रॉक ऐकायचो. नागपुरात हे असलं काही ऐकणारे इतकेच, असा आमचा समज होता, आणि तो समज लांजेवारांनी जपून वाढवला होता.

त्यांचं भांडवल एकच, ते म्हणजे कान. पैसाअडका बेताचा, रूप नाही, बोलणं तर कोणालाही तोडणारं. पण कान असा, की त्यांनी एकदा "हे बेसूर" म्हटलं की ते बेसूर. पुढं कोणी बोलायचं नाही. या कानावर त्यांची सगळी इज्जत उभी होती, आणि ती त्यांनी कशी घालवली हेच मला सांगायचं आहे.

कंट्रोल रूममध्ये एक काटा असतो. विजेची फ्रिक्वेन्सी पन्नास आहे की नाही ते तो दाखवतो. मागणी वाढली की काटा पन्नासच्या खाली येतो. त्या काळी संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की तो सगळीकडेच खाली यायचा. लांजेवारांची नोकरी त्या काट्याकडे बघण्यात गेली. त्यांचा दावा असा, की काटा न बघतासुद्धा त्यांना फ्रिक्वेन्सी कळते. ट्यूबलाइटच्या चोकची घूं घूं ऐकायची आणि सांगायचं. एकदा आम्ही बोंडेला, म्हणजे आमच्यातल्या बँकेतल्या बोंडेला, मीटर घेऊन यायला लावलं. लांजेवार डोळे मिटून म्हणाले, "एकोणपन्नास पॉइंट आठ." मीटरवर तेच आकडे. बोंडेनं टाळी वाजवली, तर त्याच्यावरच ओरडले, "टाळी काहून वाजवतं बे? मी काय जादूगार हाव?" पण पुढचे दोन रविवार ते खुशीत होते.

या कानाचा आम्हाला जाच किती! मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे. बाहेर रस्त्यावर चप्पल चिकटत होती. ऐकायला बसलो की लांजेवार कूलर बंद करायचे. का, तर कूलरचा सूर बेसच्या सुराला लागत नाही. आम्ही दुपट्टे ओले करून डोक्यावर घेऊन बसायचो. त्या दिवशी बोंडे बसल्या बसल्या कलंडला. मी उठायला लागलो, तर लांजेवारांनी हात वर करून थांबवलं. ड्रमचा सोलो चालू होता. तो संपेपर्यंत बोंडे सतरंजीवर आडवा होता. सोलो संपल्यावर लांजेवारांनी कूलर लावला, स्वतः ग्लासभर पन्हं आणून बोंडेला पाजलं आणि त्याला विचारलं, "शेवटच्या चार मात्रा ऐकल्या का नाही?"

मुलीच्या लग्नात तर कहर केला. वरात दारात आली, नवरदेव घोड्यावर, बँड जोरात. लांजेवार नवरदेवाचं स्वागत सोडून बँडवाल्यांकडे गेले आणि ट्रंपेटवाल्याचा हात धरून म्हणाले, "तू उतरलेला हाय. एक तं सुरात वाजव, नाही तं बंद कर." बँड बंद झाला. वऱ्हाड रस्त्यावर उभं. मुलगी आतून खिडकीतून बघत होती. तिचा चेहरा मला आठवतो आणि त्या माणसाचा पुन्हा राग येतो.

आता डेन्झिल. हा गिटारवादक आमच्या अजनीच्या रेल्वे क्वार्टरातला. तरुणपणी कलकत्त्याला गेला, 'नॅरो गेज' नावाचा बँड काढला, आणि त्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली. निघाली आणि बुडाली. बँड फुटला, कंपनी बंद पडली, मूळ टेप हरवल्या. पुढं डेन्झिलनं जन्मभर इतरांच्या गाण्यांत मागं बसून गिटार वाजवली. पण त्या रेकॉर्डमधली 'बर्डी सेव्हन' ही सात मात्रांची चीज म्हणजे आमच्या मंडळाचा देव. सीताबर्डीचं नाव कोणी जाझ-रॉकमध्ये आणलं, यावरच आम्ही अर्धे खलास झालो होतो.

ती रेकॉर्ड नागपुरात एकदाच आली. रेल्वेतल्या एका मित्रानं लांजेवारांना ती एका संध्याकाळपुरती दिली होती. लांजेवारांनी खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये ती आपल्या टर्नटेबलवर लावली आणि कॅसेटवर उतरवून घेतली. त्या कॅसेटवरून मग आमच्या कॅसेट झाल्या. मागितली आणि मिळाली असं नव्हतं. त्यांच्यासमोर बसून हातावर सात मात्रा मोजून दाखवायच्या, न चुकता, पाच मिनिटं. मी तिसऱ्या खेपेला पास झालो. तेव्हा मी औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. रामदासपेठेत माझं स्वतःचं औषधाचं दुकान निघालं त्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नसेल. अशा तीसेक कॅसेट त्यांनी नागपूरभर वाटल्या.

दीड वर्षापूर्वी बातमी आली, की सत्तरी ओलांडलेल्या डेन्झिलचा पहिला सोलो आल्बम येतोय. नाव 'सिंगल लाइन'. त्यात 'बर्डी सेव्हन' नव्यानं वाजवली आहे. आणि आल्बमचा पहिला कार्यक्रम तो नागपुरात करणार, रामदासपेठेतल्या एका सभागृहात, कारण त्याला आपल्या गावात वाजवायचं होतं. इतक्या वर्षांत एकदाही वाजवलं नव्हतं.

आल्बम आला त्या रविवारी आम्ही पंधरा जण होतो. 'बर्डी सेव्हन' सुरू झाली आणि चार मात्रांत सगळ्यांच्या माना वर आल्या. ही चीज आमच्या ओळखीची होती आणि नव्हती. वेग जास्त होता. सूरही वर होता, जवळजवळ अर्धा सूर. संपल्यावर लांजेवारांनी लगेच जुनी कॅसेट लावली. मग पुन्हा नवी. मग पुन्हा जुनी. चौथ्या वेळी ते म्हणाले, "फसवणूक हाय."

त्यांनी आवाज बंद केला आणि ते आमच्याकडे वळले.

"सत्तर वर्षांचा मानूस पंचविशीपेक्षा फास्ट वाजवते? कोनाले येडं बनवून राहिला? सावकाश वाजवलं आन् कॉम्प्युटरवर पळवलं. म्हनून सूर वर गेला. टेप पळवली की सूर वरच जाते. हे तं दहावीतल्या पोरालेही समजते."

पुरावा चोख होता. आम्हाला पटला. मला पटला, हे लिहून टाकतो.

फक्त एका बाईला पटला नाही. सुषमा रामटेके. शाळेत संगीत शिकवायच्या आणि बाजाच्या पेट्या दुरुस्त करायच्या. वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, त्यांच्याकडून हे काम शिकलेल्या. मंडळात अठरा वर्षं येत होत्या, सगळ्यात मागं बसायच्या आणि बहुधा गप्प असायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "साहेब, पळवलेल्या टेपमधी तार सोडतानाचा आवाज बारीक होते. याच्यात तसा नाही झाला. हे बोटांनीच वाजवलेलं हाय."

लांजेवार हसले. त्यांचं हसणं रागापेक्षा वाईट असे. म्हणाले, "सुषमाबाई, तुमच्यात पेटी चांगली वाजवतेत, मी नाही म्हनत नाही. पन हे पेटीचं काम नाही वं."

'तुमच्यात' म्हणजे काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला समजलं. सुषमाताईंनी चपला घातल्या आणि त्या गेल्या. चौदा माणसं बसून राहिली आणि त्यातला मी एक. मला लाज वाटली होती, पण लाज वाटून मी काय केलं? चहा घेतला.

त्याच दुपारी लांजेवारांनी फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाकली. देशभरातल्या अशा संगीताच्या वेड्यांचा एक मोठा गट आहे, तिथं. 'आम्ही नागपूरचे श्रोते, डेन्झिलच्या गावचे' अशी सुरुवात. दोन्हीची तुलना, वेग, सूर, आणि शेवटी 'हा वृद्ध कलावंत आपल्याच तारुण्याची नक्कल यंत्रावर करतो आहे.' खाली आमची नावं. माझंही.

मग जे भांडण लागलं ते महिनाभर चाललं. काही म्हणाले, शाबास, कोणीतरी खरं बोललं. काही म्हणाले, म्हाताऱ्याला जगू द्या. कलकत्त्याच्या एकानं लिहिलं, "माझ्याकडे मूळ रेकॉर्ड आहे. ती याच वेगानं वाजते." लांजेवारांनी उत्तर टाकलं, "तुमचं टर्नटेबल फास्ट आहे. मेकॅनिकला दाखवा." त्यावर दोनशे जण हसले. शेवटी डेन्झिलनं स्वतः एक ओळ लिहिली, की मी ही चीज नेहमी अशीच वाजवत आलो. लांजेवारांनी ती आम्हाला रविवारी वाचून दाखवली आणि म्हणाले, "वय झालं की मानूस इसरते. त्याले नाही आठवत तं आपन काय करनार? आपल्यापाशी पुरावा हाय."

कार्यक्रमाला पैसे देणाऱ्यांनी हात काढून घेतला. सभागृहाचं बुकिंग रद्द झालं. डेन्झिलनं कळवलं, की ठीक आहे, माझ्या गावालाच मी खोटा वाटतो तर मी येत नाही. त्यावर लांजेवार म्हणाले, "पकडला गेला नं." आणि आम्हाला समोसे खाऊ घातले.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सुषमाताई आल्या. ऑटोतून, सोबत पेटी. कोणाला नमस्कार नाही, काही नाही. सतरंजीच्या मधोमध पेटी ठेवली आणि लांजेवारांना म्हणाल्या, "जुनी कॅसेट लावा, साहेब. पयला पियानोचा सूर आला की थांबवा."

का कोण जाणे, लांजेवारांनी ऐकलं. कदाचित जिंकलेल्या माणसाला असल्या गोष्टी करायला आवडतात. पियानोचा सूर आला, त्यांनी कॅसेट थांबवली. सुषमाताईंनी पेटीवर काळी एक दाबली. कॅसेटचा सूर तिच्यापेक्षा वर. तिच्या लगतची पांढरी दोन दाबली. सूर तिच्यापेक्षा खाली. पुन्हा काळी, पुन्हा पांढरी. कॅसेटमधला सूर दोन्हींच्या मधल्या फटीत कुठंतरी पडत होता.

"आता नवी लावा."

नवी लावली. सूर पांढऱ्या दोनवर बरोबर बसला. इतका बरोबर, की पेटी आणि पियानो वेगळे काढता येईनात.

सुषमाताई म्हणाल्या, "गिटार खाली लावता येते, साहेब. मान्य. पन स्टुडिओतला पियानो कोन असा फटीत लावून ठेवते? आता सांगा, कोन्ती टेप खरी आन् कोन्ती बिघडलेली."

"तुमची पेटी उतरली असंन."

सुषमाताईंनी पर्समधून ट्यूनिंग फोर्क काढला, पेटीच्या लाकडावर आपटला आणि त्यांच्या कानाजवळ धरला. दुसऱ्या हातानं पेटीवर तोच सूर दाबला. लांजेवारांच्या त्या नामांकित कानाला काय ऐकू आलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. पेटी सुरातच होती. मला आनंद झाला. हो, झाला. नंतर झाला असता तर बरं दिसलं असतं, पण तो तेव्हाच झाला.

ते टर्नटेबलकडे वळले. मग हळू म्हणाले, "संध्याकाळचे सात वाजले होते."

बोंडेनं विचारलं, "काय?"

"रेकॉर्ड उतरवली तेव्हा. ह्या टर्नटेबलची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. पन्नास असली तं बरोबर फिरते. संध्याकाळी सातले काटा अठ्ठेचाळीसवर यायचा. रोज ड्युटीवर मीच तं पाहत होतो."

एवढंच. ज्या माणसाला चोकच्या घूंघूंवरून काटा कळायचा, त्यानं त्या संध्याकाळी खोलीतली घूंघूं ऐकली नाही. तो 'बर्डी सेव्हन' ऐकत होता. टर्नटेबल सावकाश फिरलं, चीज सावकाश उतरली, सूर खाली आला, आणि तीच सावकाश चीज आम्ही तीस जणांनी तीस वर्षं खरी म्हणून पूजली. डेन्झिलनं ती खरोखरच नेहमी तशीच वाजवली होती.

लांजेवार उठले. सुषमाताईंना काही म्हणाले नाहीत. "आज बंद करा," म्हणून आत गेले आणि दार लावून घेतलं. मंडळाचा तो शेवटचा रविवार ठरला. नंतर कोणी गेलं नाही आणि त्यांनीही बोलावलं नाही.

मी रोज फेसबुक बघायचो. पोस्ट तशीच होती. लोक अजून खाली भांडत होते, डेन्झिलला अजून चोर म्हणत होते. लांजेवारांचं एक अक्षर नाही. माझं नाव मी मागं घेतो असं, आणि काय झालं ते, मी खाली लिहिलं. ते कोणी वाचलं नाही, कारण लिहिणारा लांजेवार नव्हता. मी त्यांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. अशा माणसाला काय म्हणायचं ते मी दुकानात गिऱ्हाइकांदेखत म्हणालो.

ते वारले त्याच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, ते माझ्या नंदनवनच्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. स्कूटरवर मानकापूरहून, भर उन्हात. अंग बरंच उतरलं होतं. आत या म्हटलं, तर नको म्हणाले. फाटकातच उभे राहून म्हणाले, "तुह्यापाशी माही कॅसेट हाय नं? आन जरा."

मला वाटलं, परत न्यायला आले. मी म्हणालो, "देणार नाही मी. तुम्ही आधी ती पोस्ट काढा."

"परत नाही पाहिजे गा. आन तं."

आणली. त्यांनी खिशातून पेन काढलं, कॅसेट स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि आतल्या कागदावर लिहिलं, 'वेग कमी आहे. चूक माझी. प्र. लांजेवार.' जुन्या गुळगुळीत कागदावर शाई धरेना, म्हणून सही दोनदा गिरवली. सीटच्या पुढं एक वही खोचलेली होती. त्यात नावं होती, बहुतेकांवर काट मारलेली. माझ्यावरही मारली.

"सगळ्यांकडे जाऊन राहिलो," ते म्हणाले. "एकवीस झाले. तिघं मेले, त्याईच्या पोराईनं कॅसेट फेकून देल्ल्या."

"आणि पोस्ट? डेन्झिल?"

"डेन्झिलले पत्र टाकलं. त्यानं नाही देल्लं उत्तर. काहून देईन? पोस्टवर लिहून काय होते? तिथं लोक भांडाले येतेत. ज्याईले मी कॅसेट देल्ली, त्याईले मी खोटं देल्लं."

मला हे पुरेसं वाटलं नाही. आजही वाटत नाही. बदनामी करायची देशभर आणि माफी मागायची गल्लीबोळात, एकेका फाटकात उभं राहून, हा कुठला न्याय? हे मी त्यांना तोंडावर म्हणालो. त्यांनी मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि हेल्मेट घालायला लागले. मग थांबले.

"सुषमाबाईचं घर कोन्तं गा? ती अठरा वर्षं आली माह्या घरी, मी कधी इचारलंच नाही. नंदनवनातच राहते, एवढं बोंडे म्हनला. तिच्यापाशी कॅसेट नाही, मी तिले देल्लीच नव्हती. पन तिच्याकडे जाचं हाय."

त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मला तो 'तुमच्यात' आठवला. तिच्या चपलांचा आवाज आठवला, आणि मी घेतलेला चहाही. मला वाटलं, याला इतक्या सहजासहजी मोकळं का होऊ द्यायचं?

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी बरं म्हटलं, स्कूटरला किक मारली आणि ते गेले. माझ्या घरापासून चौथं घर सुषमाताईंचं. त्या ओट्यावर पेटीचा भाता उघडून बसल्या होत्या. लांजेवार त्यांच्यासमोरून, रस्त्याकडं बघत, सरळ निघून गेले.